दोर धरणारे काका

काका आणि त्यांचा थोरला भाऊ गटारं साफ करायचे. भाऊ आत उतरायचा, काका वर दोर धरून बसायचे. आतून दोनदा हिसका आला की ओढायचं, एवढीच दोघांची भाषा. एकदा हिसका आला, काकांनी जिवाच्या आकांताने ओढलंही, पण वर येईपर्यंत आतल्या वायूने भावाचा घास घेतला होता.

बापाच्या जागी पुतण्या कामाला लागला, तसा तो दोर गळ्यात घालून काका कचेऱ्यांचे उंबरठे झिजवू लागले. "काका, फास लावून घेताय की काय?" लोक चेष्टा करायचे. पण चेष्टा करणारेच हळूहळू त्यांच्या मागे उभे राहिले, गावोगावचे सफाई कामगार जोडले गेले, आणि शेवटी एका खासदाराने भर संसदेत तोच दोर उंच धरला. कायदा झाला. यापुढे देशात कुठेही माणूस गटारात उतरणार नाही.

राजधानीहून काका गळ्यातल्या हारासकटच परतले. नाक्यावर गर्दी दिसली, तेव्हा ती आपल्याच स्वागताला जमलीय असं वाटून ते लाजले. गर्दी बाजूला सरली. गटाराच्या उघड्या झाकणापाशी वहिनी बसली होती आणि तिच्या मांडीवर पुतण्याचं निश्चल डोकं होतं.

"अरे, वर दोर कोणी धरला होता?" काका मुकादमावर ओरडले.

मुकादमाने मान खाली घातली.


"दोर मिळायचा बंद झालाय, काका. कायद्याने आता खाली कोणी उतरतच नाही ना."