चार सेंटिमीटर

वाउटरने रोजच्या वापरातल्या स्पोर्ट्स कारला आखूड स्प्रिंगा बसवून घेतल्या. गाडी चार सेंटिमीटर खाली आली आणि वृद्धाश्रमातल्या आईचं दर रविवारचं घरचं जेवण बंद झालं.

“एवढं खाली बसणं तुझ्या खुब्याला झेपणार नाही गं आई,” तो हळहळला.

गोडेलीव्हबाईंनी मुलाला बोल लावला नाही. आश्रमात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडून त्या बुटक्या स्टुलावर बसायला-उठायला शिकल्या. ईस्टरला वाउटर फुलं घेऊन भेटायला आला, तर कोणाचाही हात न धरता त्या थेट गाडीत जाऊन बसल्या.

“बघतोस काय असा? चल, सशाचा रस्सा निवेल!”

ईस्टरची सुट्टी संपताच वाउटर गॅरेजमध्ये शॉक अ‍ॅब्सॉर्बर निवडत होता.

“रोजची गाडी आहे, मऊ घ्या,” मेकॅनिक म्हणाला. “आपल्या दगडी रस्त्यांवर हे कडक शॉक धडधाकट माणसाचा मणका ढिला करतात. म्हातारं माणूस एकदा बसलं, तर पुन्हा गाडीचं नाव काढणार नाही.”

“नक्की?”

“लेखी देतो.”

“मग कडकच बसवा.”