अख्खा पाव

"बाबा, आज परत सगळा संपवला आईनं," म्हणत लेकीनं रिकामी बशी त्याच्या नाकासमोर धरली. बशीत चार कण उरले होते, बाकी काही नाही. पाव लेकीच्या हातात देऊन कारागीर दारातच टेकला होता, पायात अजून चपला, भुवयांवर पीठ. पहाटेपासून भट्टीपुढे उभं राहून पाठीचा पार भुगा झाला होता, तरी त्याला हसू आलं. पलंगावरून बायको त्याच्याकडे बघत होती. तीही हसली, जरा दमल्यासारखी.

तिच्या आजारपणाला वर्ष उलटून गेलं होतं. बेकरीतून तो रोज आणायचा तो पाव तेवढा तिला चालायचा. सुरुवातीला दुधात बुडवलेला अर्धा पाव कसाबसा घशाखाली उतरायचा, अर्धा बशीत तसाच राहायचा. डॉक्टरांनी लेकीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, औषधं आपलं काम करतील, पण अख्खा पाव खायला लागली की समजा सुधारतेय. लेकीनं ते मनाशी घट्ट धरलं. तिला परगावी मनासारखी नोकरी लागली होती, पण आई नीट खायला लागल्याशिवाय हलायचं नाही असं तिनं ठरवून टाकलं. तिकडच्या लोकांना आज-उद्या करत तिनं थांबवून ठेवलं. शेवटी त्यांचाही धीर सुटला. या आठवड्यात आलात तर ठीक, नाहीतर दुसरं माणूस घेतो, असं त्यांनी कळवलं.

"आता जाते मी," लेक म्हणाली. "परवा रात्रीच्या गाडीनं. आता काळजी नाही."

बेकरीत मात्र काळजीशिवाय दुसरं काही नव्हतं. मैदा महागला, तेल महागलं, भट्टीचं जळण महागलं. फळ्यावर लिहिलेली पावाची किंमत तेवढी जागची हलली नाही. ती वाढवली तर गिऱ्हाईक पलीकडच्या गल्लीतल्या बेकरीत जाईल, ही मालकाला धास्ती. "काका, हात जरा आखडता घ्या," असं तो अधूनमधून येऊन सांगायचा, आणि कारागीर पिठाचा गोळा आणखी थोडा लहान तोडायचा. लोक पैसे तेवढेच द्यायचे, आणि एकदा पावाकडे, एकदा त्याच्याकडे बघायचे. "खायचा आहे की शर्टाला बटण म्हणून लावायचा?" असं एका म्हातारीनं विचारलं होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढं पुढं तेही वाटेनासं झालं. हाताला लहान गोळ्याची सवय झाली आणि तोच पुरेसा वाटू लागला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो गोळे तोडायला बसणार, तेवढ्यात मालक तोंड पाडून आला. "मैदा उतरला," म्हणाला.

"मग चांगलंच झालं की."

"कसलं चांगलं, काका. लोकांच्या खिशात पैसाच नाही. कोणी काही घेईना, म्हणून उतरलाय. पलीकडच्यानं त्याच पैशात पाव मोठा केलाय. आपणही पहिल्यासारखा करा, नाहीतर सगळा माल अंगावर पडेल."

मालकाचं दुःख कारागिराला कळलं, पण मनातून त्याला बरंच वाटलं. कितीतरी दिवसांनी त्यानं मोकळ्या हातानं गोळे तोडले. भट्टीतून पाव निघाले ते कसे गुबगुबीत, भरदार. त्यातला सगळ्यात छान फुगलेला त्यानं घरासाठी कागदात गुंडाळून घेतला. घरी जाताना तो रोजच्यासारखा पाय ओढत नव्हता.

"घे, आता पोटभर खा," त्यानं बायकोला सांगितलं. लेक पाठमोरी बसून बॅग भरत होती. बायकोनं पाव तळव्यावर ठेवून जरा वेळ बघितला. मग तुकडा मोडून दुधात बुडवला. ती खात राहिली, सावकाश, मध्ये मध्ये थांबत. अर्ध्यावर आल्यावर तिनं बशी बाजूला सारली. परत ओढली. आणखी एक घास तोंडात घातला, पण तो काही तिला गिळवेना.

लेकीनं वळून बघितलं. "आई, अर्धाच?" तिच्या हातातले कपडे हातातच राहिले. "काल तर अख्खा खाल्लास." ती बॅगेकडे वळली. "चुकलंच माझं. मीच घाई करत होते. उद्या सकाळी कळवते त्यांना, नाही येत म्हणून." आणि बॅगेतले कपडे परत बाहेर काढून, उराशी धरून ती आतल्या खोलीत गेली.

कारागीर पलंगाच्या कडेला टेकला. बशीतला उरलेला अर्धा पाव त्यानं उचलला, आणि हाताला ते वजन ओळखीचं लागलं. काल आणला होता तो अख्खा पाव एवढाच होता. परवाचाही एवढाच. म्हणजे वर्षभरात बायकोच्या पोटात एक घासही जास्त गेला नव्हता. गिऱ्हाइकांना आपण फसवतोय हे त्याला निदान सुरुवातीला कळत होतं. लेकीला फसवतोय हे मात्र कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"अगं, पाव लहान होत गेला म्हणून संपत होता," तो कसाबसा म्हणाला. "माझ्या लक्षातच आलं नाही बघ."

"माझ्या आलं होतं." बायकोनं आतल्या खोलीच्या दाराकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला. "आज पोट जड होतं म्हणून सांगते मी तिला. उद्या मात्र लहानच आणा. ती गाडीत बसेपर्यंत."