आवाज : सामान्य

"आधी यांचा आवाज कसा होता?" सर्जनने विचारलं आणि पलंगाशी उभ्या असलेल्या दोघी एकमेकींकडे बघू लागल्या.

पलंगावर घड्याळं दुरुस्त करणारे काका होते. काल त्यांच्या थायरॉईडची कॅन्सरची गाठ काढली होती. आज सकाळी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीने, शिकवल्याप्रमाणे, त्यांना बोलायला लावलं. "काका, तुमचं नाव सांगा बरं." नावाऐवजी पंक्चर झालेल्या ट्यूबमधून निघते तशी हवा निघाली. काका बिचारे ओशाळले, जणू नाव त्यांनीच कुठेतरी ठेवलं होतं आणि आता सापडत नव्हतं. मुलगी धावत जाऊन सर्जनला घेऊन आली.

"आवाज ना? चांगलाच असणार," काकू म्हणाल्या. चाळीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. "खरं सांगू का डॉक्टर, आमच्या घरात बोलायचं खातं माझ्याकडे. हल्ली तर हे अगदीच कमी बोलतात. दुकानातसुद्धा पाटी लावून ठेवलीय, 'घड्याळ मंगळवारी मिळेल'. मी म्हटलं, चला, उशिरा का होईना, स्वभाव निवळला."

सर्जनने केसपेपर उघडला. परवा दाखल करतानाचा फॉर्म मुलीच्या सुरेख अक्षरात होता. भूक : सामान्य. झोप : सामान्य. आवाज : सामान्य. वॉर्डच्या सिस्टरनी या फॉर्मचं सगळ्यांसमोर कौतुक केलं होतं. इतरांना तास लागतो, हिने वीस मिनिटांत भरला, आणि एकही रकाना रिकामा नाही.

"म्हणजे परवापर्यंत ठीक होता," सर्जन हळूच म्हणाले आणि स्टुलावर बसले. "आवाजाची नस मला दिसत होती. जरा जाड वाटली, पण वाचवली होती मी." त्यांनी आपले हात उलटसुलट करून पाहिले, बदलून आलेला माल पाहावा तसे.

मुलगी पलंगाचा दांडा धरून उभी होती. गप्प बसणं सोपं होतं. फॉर्म तिच्या बाजूने होता. अक्षरही.

"सर, मी आवाज ऐकलाच नव्हता."

"काय?"

"काकांना म्हटलं, घशाला त्रास नको, नुसती मान हलवा. त्यांनी तीनदा तोंड उघडलं. तिन्ही वेळा मीच म्हटलं, राहू द्या काका."

"मग सामान्य कसं लिहिलंस?"

"वरच्या दोन रकान्यांत तेच होतं, सर."

दया कशी करावी हे ती नुकतीच शिकली होती. दयेने वेळही वाचतो, हे तिचं तिलाच उमगलं होतं.

सर्जनच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली. ती दोन क्षण टिकली.

"नीट ऐक," ते मुलीला म्हणाले. "आवाज काल गेला असेल तर ती माझ्या हातची दुखापत. बहुतेक वेळा काही महिन्यांत भरून येते. पण तो आधीच गेलेला असेल, तर गाठ त्या नसेत शिरली होती. मग ऑपरेशनआधी दुर्बिणीने घसा बघायचा असतो. सगळा बेतच वेगळा करायचा असतो. म्हणजे जी नस मी एवढी जपून वाचवली, तिच्यातच कॅन्सर मागे राहिलाय."

"पुन्हा कापावं लागेल?" काकूंनी विचारलं. एवढं छोटं वाक्य त्यांच्या तोंडून सहसा निघत नसे.

"आधीपासून असेल तर, हो."

आता तिघांचीही एकच इच्छा होती, की चूक डॉक्टरांचीच निघावी. सर्वांत मनापासून ती डॉक्टरांची होती.

"काका," ते पुढे वाकून म्हणाले, "आवाज कधी बसला? सावकाश सांगा. आम्हाला काही घाई नाही."

मुलीने पंखा बंद केला. काकू उशीपाशी सरकल्या. इतके श्रोते एकदम मिळायची काकांना सवय नव्हती. त्यांनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि होती तेवढी हवा पुरवून पुरवून वापरत ते म्हणाले,

"मी आवाजासाठीच आलो होतो तुमच्याकडे, डॉक्टर. गाठ तुम्हाला सापडली."