पहिली टाकी

"वहिनी, बाजूला व्हा. प्रोपेलर बोट तोडेल!" धाकटा दीर ओरडला. गेलेल्या दादाच्या मॉडेल विमानाचं जळालेलं इंजिन वहिनीनं पिस्टनला नवी रिंग घालून पुन्हा जोडलं होतं. ती जागची हलली नाही. तिनं बोटानं प्रोपेलरला झटका दिला. इंजिन धूर ओकत, अडखळत सुरू झालं.

"दादानं एव्हाना भरधाव सोडलं असतं."

"म्हणूनच जळालं. इंधनाची पहिली टाकी संपेपर्यंत हळू चालवून नवी रिंग रुळू द्यायची असते."

"त्याला शिकवताय? जन्मभर हे इंजिन त्यानंच सुरू केलं!"

वहिनीनं तर्जनी त्याच्या नाकासमोर धरली. बोटभर जुन्या जखमांच्या पांढऱ्या रेघा होत्या.

"तुमच्या दादाच्या हातावर कधी साधा ओरखडा तरी पाहिलात, भावजी?"