बेस गिटार

नव्या गिटारीची खोळ निघाली आणि बँडच्या फारुक मास्तरांनी आधी तारा मोजल्या. एकदा वरून खाली, मग खालून वर.

"चारच?"

ती विकत आणणाऱ्या प्रेमदासनं सांगितलं, नांदेडच्या दुकानदारानं बराबर विचारलं होतं, लीड देऊ का बेस. लीड काय असतं ते त्याला ठाऊक नव्हतं, बेस ठाऊक होतं. म्हणाला, बेसच द्या, हलका माल नको.

अंगणात बसलेल्या बँडवाल्यांपैकी कुणी हसलं नाही. त्यांच्यातला कुणीही गेला असता तरी हेच बोलला असता. चांगल्याला बेस नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? हसला फक्त आसिफ. तो जवळच्या गोरेगावात रेडिओ दुरुस्त करायचा आणि बँडचा अँप्लिफायर सांभाळायचा. बेस म्हणजे जाड आवाज, तो म्हणाला. ही चार तारांचीच असते. हिच्यावर गाणं वाजत नाही, गाण्याच्या खालचं वाजतं.

"गाण्याच्या खाली काय असतंय?" मास्तरांनी विचारलं.

आसिफ वायरी उलगडायला लागला.

उद्या तांड्यात बाबूसिंगच्या पोरीचं लग्न होतं आणि त्यानं गिटारवाला बँड सांगितला होता. म्हणून सराव तांड्यातच, प्रेमदासच्या अंगणात ठेवलेला. त्याची बायको रुपा पाच महिन्यांचं लेकरू घेऊन दारात बसली होती. गिटारीतलं तिला काही कळत नव्हतं. आज ही वाजली नाही, तर नवऱ्याच्या हातात पुन्हा खुळखुळा येणार, हे मात्र कळत होतं. सहा वर्षं तो बँडच्या शेवटच्या ओळीत खुळखुळा हलवत चालला होता. लेकरू झाल्यापासून तांड्यातल्या बायका तिला विचारायच्या, बापलेकांना एकच पुरतो का दोन लागतात.

गिटार भोंग्याला जोडली. आसिफनं दांडीवर खडूनं तीन खुणा करून दिल्या. ढोलाचा ठोका पडला की यातली एक दाबायची, तार छेडायची, घाई करायची नाही. प्रेमदासनं सगळ्यात जाड तार छेडली. कुणी बोलायच्या आधी घसा साफ करावा, तेवढा आवाज भोंग्यातून आला.

मास्तरांनी कानामागं हात धरला. "वाजव की."

"वाजवूनच राहिलो, मास्तर."

आसिफ म्हणाला, भोंगा आहेराची नावं पुकारायला ठीक आहे, जाड आवाज त्याच्या गळ्यातून निघत नाही. मोठा स्पीकर त्यानं जीपमध्ये आणला होता, पण त्याला खोकं नव्हतं. उघडा वाजवला तर निम्मा आवाज मागच्या मागं जातो. त्यानं अंगणभर नजर फिरवली, मग घरात. ती ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीवर थांबली.

"भाबी, कोठी रिकामी हाय का?"

रुपा म्हणाली, अर्धी भरलीय, आणि ज्वारी खायची असते, वाजवायची नसते. म्हणता म्हणता उठलीच. लेकरू कडेवर, एका हातानं ज्वारी पोत्यात.

कोठीच्या तोंडावर स्पीकर उपडा बसवला. पहिली तार वाजली आणि कोठीची कडी, कोंडा, पत्रा सगळं एकदम बोलायला लागलं. कोंबड्या कुडाखालून पळाल्या. आसिफनं कपाळाला हात लावला.

"पोट रिकामं हाय तिचं," रुपा म्हणाली. "वरडणारच."

तिनं दोरीवरच्या लेकराच्या दोन गोधड्या ओढल्या आणि स्पीकर उचलायला लावून आत कोंबल्या.

आता तार वाजली ती कानाला कमी आणि तळपायाला जास्त. सगळा बँड सुरू झाला. देवलाचा ट्रंपेट, ढोल, ताशा. प्रेमदास खुणा बघत एकेक तार छेडत होता. सहा वर्षं खुळखुळा हलवलेला माणूस, ताल चुकायचा प्रश्नच नव्हता. तांड्यातल्या तीन पोरी नाचायला लागल्या.

मास्तरांनी हात वर केला.

"देवलाचं ऐकू येतंय. ढोल ऐकू येतोय. तुझं काय ऐकू येऊन राहिलं?"

प्रेमदासनं कोठीकडं बोट दाखवलं. उद्या बाबूसिंग विचारंल, गिटार कुठंय, तेव्हा कोठी दाखवायची का, मास्तर म्हणाले. ठेव ते. खुळखुळा घे.

प्रेमदासनं गिटार भिंतीला टेकवली, घसरणार नाही याची खात्री केली आणि खुळखुळा घेतला. रुपाकडं त्यानं पाहिलं नाही.

बँडनं तेच गाणं पुन्हा धरलं. दोन ओळी झाल्या असतील. देवलानं ट्रंपेट तोंडातून काढून आत वाकून पाहिलं. ढोलवाला ताशावाल्याकडं बघायला लागला, ताशावाला ढोलवाल्याकडं. नाचणाऱ्या पोरी एकेक करून थांबल्या. चूक कुणाचीच नव्हती. गाणं सगळं होतं, पण अंगणात उभं राहीना.

"काय बंद केलं रे?" मास्तर आसिफवर खेकसले.

"मी कुठं काय? ह्याचंच तेवढं बंद हाय."

मास्तरांनी दाढी खाजवली. मग गिटार भिंतीपासून स्वतः उचलली आणि प्रेमदासच्या हातात दिली. तो वाजवायला लागला. पोरी पुन्हा नाचायला लागल्या. मास्तरांनी कोठीजवळ कान नेला, तोंड वेडंवाकडं केलं.

"तू काय वाजवून राहिला, ते मला अजून कळलं न्हाई," ते म्हणाले. "पण थांबू नको."

दारात रुपा ऐकण्यात गुंगली होती. बँडवाल्याचं लेकरू, एवढ्या गोंगाटात मांडीवर झोपलेलं. त्याच्या पाठीवर थोपटणारा आपला हात कधी थांबला, तिला कळलं नाही. लेकरानं झोपेतच ओठ काढला. तसा तो हात पुन्हा थोपटू लागला.