घरातल्याच साहित्याचा केक

आईच्या चॅनलचा बाणा असा की जे करायचं ते घरात असलेल्या साहित्यातच, उगाच दुकानात पळायचं नाही. त्या दिवशी घरातली बेकिंग पावडर संपली होती, म्हणून आईने केकच्या कृतीतूनच ती काढून टाकली. केक असा झाला की कापताना सुरी वाकली. तरी कॅमेऱ्यासमोर मी डोळे मिटून म्हणाले, "अय्या, किती मऊ!" बाबांनी तर दुसरा तुकडा मागून घेतला आणि हळूच खिशात टाकला.

आठवड्याभराने शेजारच्या काकू रडवेल्या होऊन दारात उभ्या. हातातल्या ताटात त्यांनी आईचा व्हिडिओ बघून केलेला केक.

"माझं काय चुकलं गं? सगळं तू सांगितलंस तस्संच केलं. उद्या लेकाचा वाढदिवस, आणि सासूबाई म्हणतात, हिला साधा केकसुद्धा जमत नाही!"

आईने केकवर बोटाने टकटक केलं. "ठेवून जा. बघते मी."

काकूंची पाठ वळताच मी उसळलेच. "आई, आता तरी खरं काय ते सांगून टाक!"

"सांगणारच आहे. कॅमेरा लाव."

शप्पथ, आईचा इतका अभिमान मला कधीच वाटला नव्हता. मी धावत जाऊन कॅमेरा लावला. आईने केस सारखे केले, काकूंचा केक पुढे ओढला आणि गोड हसली.

"मैत्रिणींनो, तुमचाही केक असा दगडासारखा होतो का? मग तुम्ही पीठ प्रेमाने ढवळत नाही!"