खालीचा हात

कुमुदताईंची टाळी एकटीच पडत होती. सांगलीत अख्खं भजनी मंडळ त्यांच्या टाळीवर चालायचं, आणि इथे शिकागोच्या चर्चमध्ये सगळे नेमके त्यांच्या दोन टाळ्यांच्या मधे वाजवत होते.

"आई, इथे समेवर टाळी नसते," मुलगा कुजबुजला. "ब्लूज, जॅझ, सोल, हे सगळं संगीत या उलट्या टाळीवरच वाढलं."

उद्या त्याचं लग्न. होणाऱ्या विहीणबाई पुढे उभ्या राहून गात होत्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, त्यात ही फजिती! कुमुदताईंनी टाळी बंद केली.

पण विहीणबाई ओळ टाकत होत्या आणि लोक ती झेलत होते, थेट भजनासारखी. ताईंना राहवेना. डोळे मिटून त्यांनी समेला पाय आपटला आणि खालीच्या, म्हणजे रिकाम्या मात्रेला, भजनातल्या सवयीनं, टाळीऐवजी रिकामा हात हवेत उचलला.

विहीणबाई आनंदानं ओरडल्या. बाकाबाकांवरून हात उंचावले.

"आई, हात वर केलास ना, त्यांना वाटतंय, तुझ्या अंगात आलंय!"

"वाटतंय कसलं? आलंच आहे," म्हणत ताईंनी दुसराही हात वर केला.